पाचवी चाल

१

संध्याकाळी साडेसात ते साडेआठ गच्चीवर कुणीही पाऊल टाकायचं नाही, हा नियम सौंदर्यानं भांडून मिळवला होता.

कसबा बावड्यात, जिथं काही वर्षांपूर्वी ऊस उभा असायचा तिथं आता बंगल्यांची रांग होती. त्यातला शेवटचा बंगला त्यांचा. खाली चार खोल्या, पुढच्या सोप्यातून वर जाणारा जिना, जिन्याला खाली एक दार, वर एक बारकी खोली, आणि त्या खोलीतून गच्चीवर उघडणारं दुसरं दार. गच्चीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. खोलीत कॉम्प्युटर, बाहेर दुर्बीण. रोजचा तो एक तास, ती खोली आणि ती गच्ची एकट्या सौंदर्याची होती.

बीएस्सीची तीन वर्षं ती कॉलेज, लायब्ररी आणि राजारामपुरीतला क्लास उरकून रात्री नऊला घरी यायची. सुट्टी लागली की मामाकडं निपाणीला. त्यामुळं संध्याकाळी घरात गच्चीला कुलूप असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. गेल्या डिसेंबरात क्लास संपला, ती लवकर घरी यायला लागली आणि पहिल्याच आठवड्यात ठिणगी पडली.

“दिवेलागणीला पोरीबाळींनी गच्चीवर जायचं न्हाई,” अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे तिचे वडील, शिवशरण. लक्ष्मीपुरीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं.

“का?”

“का म्हणजे? न्हाई म्हणजे न्हाई.”

“शनी दिवेलागणीलाच उगवतो अप्पा. त्याला निरोप धाडू काय, सकाळी दहाला ये म्हणून?”

आई हसली होती. आईला ती अव्वा म्हणायची; अव्वा नेहमी तिच्याच बाजूची. पण अप्पा हसले नाहीत आणि खाटेवर बसलेले तिचे आजोबा, अज्जा, तेही हसले नाहीत. मग सौंदर्यानं खिळ्यावरची किल्ली काढली, सगळ्यांच्या देखत वर गेली आणि थंडीत टाकीला पाठ टेकून दोन तास रागानं बसून राहिली. खाली आली ती कमरेला पदर खोचूनच, आता महाभारत होणार म्हणून. पण तिघंही गप्प बसले होते. तिच्याकडं बघत मात्र होते.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी किल्ली आपण होऊन तिच्या हातात ठेवली. जानेवारीत कॉम्प्युटर आला. “म्हातारी माणसं कुठवर ताणतात? आपण सोडत न्हाई तवर,” असं तिनं कॉलेजच्या कट्ट्यावर मैत्रिणींना ऐकवलं.

२

दुर्बीण तिनं आणि जोतीराम सरांनी मिळून केलेली. सर कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घ्यायचे. चार महिने दोघांनी पिंपावर सहा इंची काच ठेवून, मध्ये पाणी आणि घासायची पूड टाकून, पिंपाभोवती गोल फिरत फिरत आरसा घासला होता. घाण्याचा बैल बरा, असं सरांची बायको म्हणायची. नळी अप्पांच्या दुकानातल्या पाइपची. पाया जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर मुंगीच्या पावलानं फिरायचा, त्यामुळं दहाएक मिनिटं तरी ग्रह समोरून निसटत नसे. जिथं डोळा लावायचा तिथं भिंग काढलेला वेबकॅम, फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत बसवलेला.

रीत ठरलेली होती. ग्रह धरायचा, मोटार चालू करायची, खोलीत यायचं, वायरीपुरती फट ठेवून दार ओढून घ्यायचं आणि पडद्यावर बघत बसायचं. दुर्बिणीपाशी थांबून चालत नसे. नुसतं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला तरी स्लॅब हलायचा आणि पडद्यावरचा ग्रह टुणकन उडायचा. दोन मिनिटांच्या फिल्मेत हजारावर चित्रं. त्यातली बरी दोनशे निवडायची, एकावर एक रचायची, मग कुठं गुरूवरचे पट्टे दिसायचे.

पुण्याच्या एका संस्थेत एमएस्सीला जागा होत्या थोड्या. अर्जासोबत स्वतः केलेलं काहीतरी काम पाठवायचं होतं. तिनं दहा संध्याकाळचा गुरू पाठवला आणि मुलाखतीला वीस संध्याकाळचा घेऊन येते असं कळवलं. निवड झाली तर पुणं, नाही झाली तर मे महिन्यात जयसिंगपूरचं स्थळ बघायला येणार होतं. अप्पांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

“पुण्यात गेलीस की आधी ‘मी जाते’ म्हणायला शीक,” जोतीराम सर म्हणायचे. “आपल्याकडच्या पोरी ‘मी जातो’ म्हणतात, त्याचं पुणेकरांना फार हसू येतं.”

“हसू देत की. मी जातो म्हणजे जातो.”

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी ती नुकतीच घेतलेली फिल्म उघडून चित्रं निवडत होती. वारा नव्हता. गुरू पाण्यातल्या नाण्यासारखा नुसता झुळझुळत होता. आणि सात बावन्नला तो उडाला. ठोका बसल्यासारखा. स्थिर झाला. थोड्या वेळानं पुन्हा उडाला. पुन्हा स्थिर. असं सहा वेळा.

गच्चीवर कुणीतरी चालत होतं.

३

“मी काय सांगितलतं?” ताटावर बसल्या बसल्या तिनं तोंड सोडलं. “एक तास. चोवीसातला एक तास मागतो मी तुम्हाला.”

“कोण आलंय वर?” अव्वा म्हणाली.

“तेच विचारतो. सात बावन्नला कोण फिरत होतं?”

“आम्ही तिघंबी इथंच हुतो.”

“अप्पा?”

अप्पांनी भाकरीचा घास खाली ठेवला. शर्टाच्या आत, छातीवर, चांदीच्या करंड्यात त्यांचं इष्टलिंग असायचं. त्यावर त्यांनी हात ठेवला. “मी तुझ्या गच्चीवर पाऊल टाकलेलं न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई, तू वर असताना. आनि काय पायजे?”

अप्पा दुकानात गिऱ्हाइकाशी दिवसाला दहा वेळा खोटं बोलत, पण लिंगावर हात ठेवून त्यांनी कधी खोटं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. अज्जा ताटाकडं बघत कालवण चिवडत राहिले.

तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, स्लॅब दिवसभर तापतो, संध्याकाळी निवतो, तडतडतो. किंवा रस्त्यावरनं उसाची ट्रॉली गेली असेल. सौंदर्याला दोन्ही पटलं. पण पटलं म्हणून गप्प बसायची तिची जात नव्हती. रविवारी सकाळी तिनं दुर्बीण साखर कारखान्याच्या चिमणीच्या टोकावर लावली आणि घरातल्या सगळ्यांना वर बोलावलं.

“टाकीपासनं दुर्बिणीपर्यंत चालायचं. रोजच्यासारखं. एकेकानं.”

“मला गाढवावर बसवून धिंड काढ की त्यापेक्षा,” अप्पा म्हणाले, पण चालले.

अव्वा चालली, मध्येच थांबून कढीपत्त्याची कुंडी सरळ केली, परत चालली. अज्जा काठी टेकत आले. आठ-दहा पावलं टाकल्यावर टाकीकडं वळून बघितलं आणि म्हणाले, “झालं न्हवं? चल, खाली ने मला.”

“उन्हातबी थंड वाटतंय काय अज्जा? काटा आलाय तुमच्या हातावर.”

“वय झालं बाळ.”

संध्याकाळपर्यंत तिनं चार आलेख काढून भिंतीला चिकटवले. स्वतःचाही काढला होता. अप्पांची चाल जड आणि सारखी. अव्वाची भरभर, मध्ये खंड. अज्जांची तीन ठोक्यांची, दोन पाय आणि काठी. तिची स्वतःची सगळ्यांत घाईची. मग तिनं त्या सात बावन्नच्या फिल्मेचा आलेख काढला आणि शेजारी लावला.

ठोके एकसारखे होते. ट्रॉलीचा थरथराट असा तुटक नसतो. आणि दोन ठोक्यांमध्ये दर वेळी नऊ सेकंदं होती. तिनं स्वतः खोलीत करून बघितलं. एक पाऊल टाकलं, दुसरा पाय उचलला आणि नऊ मोजायला लागली. चारला तोल गेला.

४

जुन्या फिल्मा तिनं पुसल्या नव्हत्या. चार रात्री अभ्यास सोडून ती त्याच बघत बसली.

ठोके पहिल्या दिवसापासून होते.

जानेवारीतल्या शनीच्या फिल्मांत ते इतके बारीक होते की हवेचा खेळ म्हणून तिनं सोडून दिले होते. फेब्रुवारीत थोडे मोठे. मार्चात आणखी. रविवारी अव्वाला टाकीपासून चालवलं होतं, त्यामुळं किती लांबच्या पावलाला ग्रह किती उडतो, हे तिच्यापाशी मांडलेलं होतं. त्या मापानं तिनं एकेका संध्याकाळचा शेवटचा ठोका वहीत लिहिला. जानेवारीत तो टाकीपाशी होता. शिवरात्रीच्या सुमाराला गच्चीच्या मध्याला. आता दुर्बिणीपासून सहा फुटांवर.

स्लॅब निवतो, तडतडतो. बरं. पण त्या तडतडीनं टाकीपासून दुर्बिणीपर्यंत चालत यायचं कारण काय?

तिनं स्वतःला सांगितलं, मोजमाप चुकलं असणार. अव्वाचं वजन धरून काढलेलं माप दुसऱ्या कशाला लागू होत नाही. हे बरोबर होतं. हे बरोबर आहे याचं तिला बरं वाटेना.

कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडायची आणि गच्चीवर बसायची. पांढरे कपडे वाळत घालायची सोय नाही म्हणून अव्वा रोज कुरकुरायची. तिनं सहाला गच्ची झाडली, साडेसातला रीतीप्रमाणं फिल्म घेतली, साडेआठला बॅटरी घेऊन वाकून वाकून बघितलं. काजळीचा पातळ थर होता. त्यावर दारापासून दुर्बिणीपर्यंत तिच्या चपला उमटलेल्या होत्या. बाकी थर मोडलेला नव्हता. फिल्मेत सात ठोके होते.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत आलीच नाही. कॉम्प्युटरवर फिल्म चालू करून बाहेर, दुर्बिणीशेजारी स्टुलावर ग्रह निसटेपर्यंत श्वास धरून बसली. गच्ची रिकामी. टाकी. तारेवर विसरलेला एक टॉवेल. शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी. काही नाही. फिल्म तपासली, तर एकही ठोका नव्हता.

म्हणजे ती बघत असली की येत नव्हतं. यात तिला हायसं वाटायला हवं होतं. त्या रात्री तिनं वही मिटली आणि पहिल्यांदाच दिवा न घालवता झोपली.

५

परीक्षा संपल्या. वीस संध्याकाळी पुऱ्या झाल्या. पुण्याहून काहीच कळेना म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीनला, ती जोतीराम सरांच्या घरी गेली. आलेख बरोबर नेले होते.

सरांनी आलेख बराच वेळ बघितले. चष्मा काढून पुसला. “दुर्बिणीसमोर काही येतंय का, हे बघायचं असेल तर एक युक्ती आहे,” ते म्हणाले. “नळीच्या तोंडासमोर हात धरला तरी स्पष्ट केलेल्या ग्रहात तो दिसत नाही, नुसता उजेड कमी होतो. पण ग्रह मुद्दाम धूसर कर. मोठी पांढरी चकती होईल. मग तोंडासमोर धरलेल्या हाताची बोटंसुद्धा त्यात दिसतात. आरसा सरळ बसलाय का बघताना मी करतो तसं. फक्त उलटं दिसेल, खालचं वर.”

“तुम्हाला काय वाटतं सर, काय असेल?”

“मला वाटतं तू ते डोक्यातून काढ. उद्या मुलाखत आहे तुझी.”

“उद्या?”

“उद्या सकाळी दहाला. तुझ्या वर्गातल्या हंबीररावला पत्र येऊन बारा दिवस झाले. तो आज सकाळीच गेला पुण्याला. त्याच दिवशी तुझंही निघालं असणार, रजिस्टरनं.” मग सर हळूच म्हणाले, “तुला मिळालं नाही?”

६

ती घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. अव्वा दत्ताच्या देवळाकडं भाजीला गेली होती. अज्जा खाटेवर. स्वयंपाकघरात बनाबाई भाकरीचं पीठ मळत होती. बनाबाई धुण्याभांड्याला होती, बंगला बांधल्यापासून.

“बनाबाई, माझं पत्र आलतं काय? पोस्टातनं, सही करून घ्यायचं?”

“आलतं की. तुझ्या आईनं घेतलं. जुंधळ्याच्या डब्यात हाय.” ती इतक्या सहज बोलली की सौंदर्याला आधी ते खरंच वाटेना. “मला वाटलं तुला दिलं आसंल. पर जानार न्हाईस न्हवं तू? नगं जाऊस बाई. तू वर बसाय लागलीस तवापास्नं मी आठपतूर थांबतो हितं. आदी चारलाच पळत हुतो.”

“का?”

“का म्हंजे? ते खाली यायचं की.”

पीठ मळणारे हात थांबले. आपण काहीतरी जास्त बोललो, हे बनाबाईला तेव्हा कळलं.

“काय खाली यायचं, बनाबाई?”

“मला काय ठावं? मी कशाला बघाय जातो? जिन्यावरनं यायचं. एक पाऊल पडलं की धा थापा मारून व्हायच्या भाकरीला, मग दुसरं.” तिनं परात पुढं ओढली. “तुला म्हाईत हाय असं वाटलं मला. तुज्यासाठीच तर कॉम्पुटर आणला म्हनं.”

जुंधळ्यात कोपरापर्यंत हात घालून सौंदर्यानं पाकीट काढलं. उद्याची तारीख. सकाळी दहा. केलेल्या कामाच्या फायली सीडीवर घालून आणाव्यात.

७

अव्वा पिशवी घेऊन आत आली. लेकीच्या हातातलं पाकीट बघितलं आणि पहिली नजर तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं टाकली. पावणेसात.

“सांगणार हुतो तुला.”

“कधी? इंटरव्ह्यू झाल्यावर?”

“पुढल्या साली परत घेत्यात की.”

“तू माझ्या बाजूची होतीस, अव्वा.”

“हाय की. अजून हाय.” अव्वानं पिशवीतली मेथी काढून निवडायला घेतली. तिचे हात कामात असले की तिला बोलता यायचं. “तुला काय तरास झाला काय चार महिन्यांत? सांग. ते नुसतं येतंय आनि थांबतंय. तू वर असलीस की तिथंच थांबतंय. तू नसलीस की खाली येतंय. दिवाळीत अज्जांच्या खाटेपर्यंत आलतं. अज्जा डोळे मिटून लिंग हातात धरून बसले हुते, सकाळी बघितलं तर मूठ उघडंना.”

“आणि मी रागानं वर जाऊन बसलो त्या दिवशी...”

“त्या दिवशी पयल्यांदा आलं न्हाई.”

अप्पा दुकानातून आले होते. चपला काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते दारातच उभे राहिले.

“तुम्ही शपथ घेतली होती,” सौंदर्या म्हणाली.

“खरं तेच बोललो. आमी वर आलो न्हाई.”

ते खरंच होतं. एक शब्द खोटा नव्हता. गच्चीवर कुणी यायचं नाही हा नियम तिनं भांडून मिळवला होता आणि त्यांनी तो मोडला नव्हता. बिबट्यासाठी शेळी बांधतात. शेळीला खुंटा दिसतो तरी. तिनं खुंटा स्वतःच रोवून घेतला होता, वर मैत्रिणींना त्याची फुशारकी सांगितली होती.

“घर विका,” ती म्हणाली.

“समज इकलं,” अप्पा म्हणाले. “मग घेणाऱ्याला काय सांगू? तुझी एखादी पोरगी वर बसव म्हणून?”

खाटेवरून अज्जा पुटपुटले, “शिकलेल्या पोरीला काय करत न्हाई ते. चांगलं ऱ्हातंय.” जणू बैल सवयीचा झाल्याचं सांगत होते.

“मी नऊच्या गाडीनं जातो,” सौंदर्या म्हणाली. “मला अडवून बघाच.”

कुणी अडवलं नाही. अव्वानं मेथीची काडी मोडली. “जा की. कोण अडवतंय? जेवून जा.”

बॅग भरायला दहा मिनिटं लागली. सगळं घेतलं. राहिली फक्त सीडी. वीस संध्याकाळचा गुरू वरच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

८

सव्वासात वाजले होते. नुसती सीडी करून खाली यायचं, असं ठरवून ती जिना चढली. वर पोचेपर्यंत राग इतका चढला होता की भीतीला जागाच उरली नव्हती. चार महिने मला ज्याच्यापुढं बसवलं ते एकदा बघून जाणार, दोन मिनिटं, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली.

दुर्बिणीवरची चादर काढली. गुरू वर आला होता. धरला, मोटार चालू केली आणि मग चाकी उलटी फिरवत गेली. ग्रह फुगला, विरला, पडदाभर पांढरट चकती झाली. मध्ये छोट्या आरशाची काळी सावली, तिला धरणाऱ्या तीन बारीक काड्या. ती खोलीत आली, दार ओढून घेतलं, खुर्चीवर बसली.

पहिला ठोका. चकती डुचमळली. तिनं मोजलं. नऊला दुसरा. नऊला तिसरा, आणि त्या वेळी पडदा असा हादरला की तीन काड्या सहा दिसल्या. मग सगळं थांबलं. बाहेर मोटारीची बारीक घरघर तेवढी चालू होती.

चकतीच्या कडेवर काळं आलं.

एक टोक, मग शेजारी दुसरं, तिसरं. बोटं होती. सावकाश पुढं येत होती. चाचपडत नव्हती, घट्टही धरत नव्हती. झोपलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा तशी. पडद्यावर ती खालून येत होती. उलटं दिसेल, सर म्हणाले होते, खालचं वर. सौंदर्यानं मनात चित्र फिरवलं. नळीचं तोंड जमिनीपासून सहा फुटांवर आणि आकाशाकडं वळलेलं. उभा माणूस हात लावील तो खालून. ही बोटं वरून आली होती.

मग चकती एका बाजूनं काळी होत गेली. विहिरीत बघायला कुणी हळूहळू वाकतं तशी.

पुरी काळी व्हायच्या आत तिनं वायर उपटली. दाराला कडी घातली, वरची, खालची. सीडी घातली. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. बारा टक्के. तीस. खुर्चीची पाठ दाराला लावून ती बसून राहिली. बाहेर मोटारसुद्धा वाजायची थांबली होती. साठ. नव्वद. सीडी बाहेर आली, कोमट. सात बेचाळीस.

ती पायऱ्या उतरून खाली आली आणि दार ढकललं. दार हललं नाही.

“अव्वा. दार.”

पलीकडं बांगड्या वाजल्या. अव्वा दाराशीच बसलेली असावी.

“थांब गं बाळ. आता न्हाई उघडायचं.”

“अव्वा, गाडी हाय माझी.”

“साडेआठलाच उघडतो की रोज.”

दारावर ठेवलेला सौंदर्याचा हात तिथंच राहिला. रोज. रोज ती बरोबर साडेआठला खाली यायची. तास संपायचा तेव्हा. एक मिनिट आधी कधी आली नव्हती. दार दर वेळी उघडं असायचं.

“रोज कडी लावतेस?”

“तुला कवा कळलं न्हाई, म्हणून बोललो न्हाई. भ्याली असतीस उगंच.” लहानपणी ताप आला की अव्वा याच आवाजात बोलायची. “आज जरा जास्त बस. गाडी गेली की उघडतो. मेथीची भाजी केलीय तुझ्यासाठी.”

“अप्पा,” सौंदर्या म्हणाली. “अज्जा.”

तिघंही तिथंच होते. दाराच्या फटीखाली तिला तीन सावल्या दिसत होत्या.

वर कडी वाजली नाही. दार उघडल्याचा आवाजही आला नाही. फक्त सगळ्यांत वरच्या पायरीवर एक पाऊल पडलं.

दार वाजवायला उचललेली मूठ तिनं खाली घेतली. मागं वळली नाही. छातीशी सीडी धरून, दाराला कपाळ टेकून, ती हळू आवाजात मोजायला लागली. एक. दोन. तीन.

सातपर्यंत आली तेव्हा पलीकडं कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला.